जतच्या माळावर पाच मेगावॅट: भाड्यानं द्यायचं की स्वतः उभारायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. जत तालुक्यात चौघा भावांच्या नावावर बावीस एकर सलग माळ आहे आणि तीन किलोमीटरवर ३३/११ केव्हीचं (३३ हजार व्होल्टची वीज ११ हजारांवर उतरवणारं) सबस्टेशन आहे. एक कंपनी सौर प्रकल्पासाठी तीस वर्षांच्या भाडेकराराचा मसुदा घेऊन आली आहे. त्याच वेळी एक सल्लागार सांगतोय, "भाड्यानं कशाला देता, कर्ज काढून स्वतःच पाच मेगावॅट टाका, पाच-सहा वर्षांत सगळं फिटेल." थोरले दादा भाड्याच्या बाजूनं आहेत, धाकटे प्रकल्पाच्या. खरं काय, आणि प्रकल्प उभा राहिल्यावर तो चालवायला काय काय लागतं, हे तुम्ही विचारलंय.

मी वीजतंत्रातला माणूस. सुरुवात पाटणच्या वनकुसवडे पठारावर पवनचक्क्यांच्या देखभालीत झाली. गेली बारा वर्षं माण, खटाव, आटपाडी आणि जत या पट्ट्यात सौर प्रकल्प उभारणं आणि चालवणं हेच काम करतोय. त्यामुळे आधी माझं मत सांगतो आणि मग कारणं. तुमच्या जागी मी असतो तर पाच मेगावॅट स्वतःच्या कर्जावर उभारला नसता. जमीन भाड्यानं दिली असती, पण आत्ता समोर आहे त्या मसुद्यावर सही केली नसती.

आधी हिशोब बघू, कारण घरातला वाद तिथेच अडलाय. पाच मेगावॅट एसी क्षमतेच्या प्रकल्पाला पॅनेल साधारण पावणेसात मेगावॅटची लावतात. सकाळ-संध्याकाळ आणि ढगाळ दिवसांत इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज लाईनला लागणाऱ्या एसीत बदलणारं यंत्र) रिकामा राहू नये म्हणून हे जास्तीचं. सगळं धरून खर्च एकोणीस कोटी समजा. बँक सत्तर टक्के देते, म्हणजे कर्ज १३.३ कोटी आणि घरातून ५.७ कोटी. आपल्या भागात एका मेगावॅटमागे वर्षाला हातचं राखून साडेसोळा लाख युनिट धरू. पाच मेगावॅटचे झाले साडेब्याऐंशी लाख. दर युनिटला तीन रुपयांच्या आसपास धरा, म्हणजे वर्षाची आवक अडीच कोटींच्या जवळपास. देखभाल, पहारा, विमा मिळून तीस लाख गेले. साडेनऊ टक्क्यांनी पंधरा वर्षांचं कर्ज असेल तर वर्षाचा हप्ता १.७ कोटी बसतो. हातात उरतात पंचेचाळीस-सत्तेचाळीस लाख, तेही कर आणि मोठी दुरुस्ती धरायच्या आधी. एखाद्या वर्षी पावसाळा जास्त दिवस चालला आणि लाईन वारंवार बंद राहिली, म्हणजे जनरेशन आठ टक्क्यांनी घटलं, की यातले वीस लाख गेले. पावणेसहा कोटी अडकवून पहिली पंधरा वर्षं एवढंच हाती येतं. खरी कमाई कर्ज फिटल्यावरच्या दहा वर्षांत आहे. ते थांबणं कंपनीला जमतं. ज्या घरात दोन मुलांचं शिक्षण आणि एका मुलीचं लग्न समोर उभं आहे, त्या घराला ते जमेल का, हे तुम्हीच ठरवा. पाच-सहा वर्षांत पैसे फिटतील हे वाक्य मात्र या हिशोबात कुठेही बसत नाही.

सल्लागार अनुदानाचं बोलला असेल. पीएम-कुसुम या केंद्राच्या शेतीसाठीच्या सौर योजनेच्या 'क' घटकात फीडरच्या (सबस्टेशनमधून पंपांकडे जाणाऱ्या ११ केव्ही लाईनच्या) सौरीकरणासाठी केंद्राकडून मेगावॅटला १.०५ कोटी रुपयांपर्यंत अर्थसाहाय्य आहे. पण निविदा भरणारे सगळेच ते गृहीत धरून दर खाली आणतात. म्हणून पहिला हिशोब अनुदान सोडून करावा. ते मिळालं तर हप्ता हलका होईल, पण त्याच्याच भरवशावर घर गहाण टाकू नये.

भाड्याचं गणित सोपं आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या २०२३ मधल्या दुसऱ्या टप्प्यात खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला किमान १.२५ लाख रुपये आणि दरवर्षी ३ टक्के वाढ असं धोरण आहे. बावीस एकर म्हणजे ८.९ हेक्टर, म्हणजे अकरा लाखांच्या वर. ज्या माळावर आज बाजरी, मटकी पिकली तर पिकली अशी अवस्था आहे, तिथे ही रक्कम लहान नाही.

धाकट्यांचा उत्साह मला मोडायचा नाही. त्यांना स्वतःचं काही करायचंच असेल तर कुसुमचा 'अ' घटक बघा. तो ५०० किलोवॅट ते २ मेगावॅटच्या प्रकल्पांसाठी आहे आणि शेतकरी, शेतकऱ्यांचे गट, सहकारी संस्था, पंचायती यांच्यासाठीच आखलेला आहे. पाच एकरांवर एक मेगावॅट आणि उरलेली जमीन भाड्यानं, ही वाटणी मला तुमच्या घराला जास्त शोभणारी वाटते.

आता सबस्टेशन. यावर मी सगळ्यात जास्त बोलणार आहे, कारण मसुद्यात आणि सल्लागाराच्या कागदात याला एकच ओळ दिलेली असते: 'सबस्टेशनपासून अंतर तीन किलोमीटर'. योजनेत पाच ते दहा किलोमीटरच्या आतली जमीन धरतात, म्हणून अंतराचं कौतुक होतं. अंतर महत्त्वाचं आहेच, कारण लाईनचा खर्च त्यावर ठरतो आणि वाटेत कुणाच्या द्राक्षबागेवरून तारा जाणार त्यावरून सहा महिने भांडण होऊ शकतं. पण त्याहून महत्त्वाचं आहे ते सबस्टेशन तुमची वीज घेऊ शकतं का.

पाच मेगावॅट ११ केव्हीवर सोडले तर भर दुपारी साधारण २६२ ॲम्पियर वाहतात. ५ एमव्हीएच्या ट्रान्स्फॉर्मरची पूर्ण क्षमता नेमकी तेवढीच असते. शेतीपंप चालू असले की तुमची वीज त्याच बसबारवरून (सबस्टेशनमधली सगळे फीडर जिला जोडलेले असतात ती पट्टी) चार फीडरवर जाते आणि पंपांत खपते. योजनेचा हेतूच तो आहे: दिवसा पंप चालावेत आणि वीज जिथे तयार होते तिथेच वापरली जावी. अडचण पंप बंद असतात तेव्हाची आहे. ऑक्टोबर आठवा. परतीचा पाऊस होऊन गेलाय, विहिरी भरल्यात, कुणीही मोटर लावत नाही. आणि आभाळ असं धुतलेलं की पॅनेल पूर्ण ताकदीनं चालतात. खपायला जागा नसलेली वीज ट्रान्स्फॉर्मरमधून उलटी ३३ केव्हीकडे चढते, बसबारचं व्होल्टेज वर सरकतं आणि एका मर्यादेनंतर इन्व्हर्टर स्वतःला बंद करून घेतो. स्क्रीनवर 'ग्रीड ओव्हरव्होल्टेज' येतं. साइटवरची पोरं फोन करतात, "साहेब, इन्व्हर्टर खराब झाला." इन्व्हर्टर ठणठणीत असतो.

दुसरी गोष्ट ट्रिपिंगची. लाईन गेली की सौर प्रकल्प त्याच क्षणी थांबतो. थांबायलाच हवा, कारण लाईनवर काम करणाऱ्या वायरमनचा जीव त्यावर अवलंबून असतो. भर दुपारी एक तास लाईन बंद राहिली तर जवळपास पाच हजार युनिट गेले, म्हणजे पंधरा हजार रुपये. वळवाच्या दिवसांत, एप्रिल-मे मध्ये, दुपारी तीननंतर वारं सुटतं, एखादी फांदी ३३ केव्हीवर पडते आणि पूर्ण संध्याकाळ जाते. माझ्या एका प्रकल्पात पहिल्या वर्षी जेवढं नुकसान धूळ, बिघाड आणि चोरी मिळून झालं, त्याहून जास्त एकट्या लाईनच्या बंद राहण्यानं झालं. जागा निवडताना आम्ही अंतर मोजलं होतं. ती ३३ केव्ही लाईन कुठून येते, किती लांब आहे, किती गावांना वळसा घालते, हे बघितलं नव्हतं. ती चूक माझी होती. म्हणून आता मी पहिल्यांदा सबस्टेशनला जातो. तिथल्या ऑपरेटरशी बोलतो आणि लॉगबुक बघायची परवानगी घेतो. कोणता फीडर महिन्यातून किती वेळा गेला, व्होल्टेज कुठल्या तासाला किती होतं, हे त्यात हातानं लिहिलेलं असतं. मोकळा बे (नवी लाईन जोडायची जागा) आहे का, ट्रान्स्फॉर्मर एक की दोन, त्याच सबस्टेशनवर आधीच कुणाला मंजुरी मिळालीय का, हेही तिथेच कळतं. शेवटचा प्रश्न विसरू नका. एकाच सबस्टेशनवर दोन प्रकल्प आले की आधी येणारा सुखी असतो.

सातबाऱ्यावर येतो. चौघांची नावं आहेत म्हणता. बहिणी किती? त्यांची हक्कसोडपत्रं झालीत का, की वारसनोंदीत त्यांची नावं लागलीच नाहीत? बँकेचा वकील सगळ्यात आधी हेच विचारतो, आणि लग्न होऊन पंढरपूर किंवा विजापूरकडे गेलेल्या बहिणीला सहीला बोलवायची वेळ आली की जुन्या गोष्टी वर येतात. मी तर म्हणेन बहिणींना बोलावून भाड्यातला त्यांचा वाटा आधीच ठरवा, तीस वर्षं शांत जातील. भोगवटादार वर्ग एक की दोन, इतर हक्कात कुळ, सोसायटीचा बोजा किंवा 'पुनर्वसनासाठी राखीव' असा शेरा आहे का, ते बघा. साताऱ्याकडे कोयनेच्या धरणग्रस्तांमुळे आणि आपल्याकडे वारणेमुळे असे शेरे बऱ्याच गटांवर दिसतात. शेरा उठवायला जाणारा वेळ निविदेच्या मुदतीत बसत नाही. इनाम किंवा वतनाची जमीन असेल तर वेगळी परवानगी लागते. भूमी अभिलेखाकडून हद्द कायम मोजणी करून घ्या, कंपनी करेल म्हणून थांबू नका. माळावर बांध नसतो, आणि शेजाऱ्याची मेंढरं कुठून जातात ती वाट कागदावर नसली तरी ती वाटच असते. कुंपण पडल्यावर ती बंद झाली की भांडण कंपनीशी होत नाही, तुमच्याशी होतं.

जमिनीवर स्वतः फिरा, शक्यतो मोठा पाऊस होऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी. जत-आटपाडीला पाऊस कमी आहे, वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, पण पडतो तेव्हा तासाभरात पडतो. खटाव तालुक्यातल्या एका साइटवर ठेकेदारानं जमीन सपाट दिसावी म्हणून एक ओघळ मुरूम टाकून बुजवली. दहा महिने कोरडी असणारी, गुडघाभर खोल ओघळ. मे महिन्याच्या शेवटी वळीव आला तेव्हा पाण्यानं आपली जुनी वाट परत मागितली. केबलचे चर उघडे पडले, दोन रांगांचे खांब मुळापासून हलले आणि गाळ इन्व्हर्टरच्या चौथऱ्यापर्यंत आला. तेव्हापासून माझ्या नकाशात ओढा आणि ओघळ आधी काढली जाते, पॅनेल नंतर. वरच्या शेतातलं पाणी आडवायला समतल चर काढायचा आणि ते ओघळीत सोडायचं. यात दोन-तीन एकर गेले तरी चालतील. मेगावॅटला चार ते पाच एकर लागतात, तुमच्याकडे थोडी मोकळीक आहे.

तुमच्या माळाखाली मुरूम आणि त्याखाली काळा कातळ असेल. कातळात खांब ठोकता येत नाहीत. ड्रिल मारून काँक्रीट भरावं लागतं. ते महाग पडतं, पण एकदा बसलं की हलत नाही. भीती काळ्या मातीच्या पट्ट्याची. ओढ्याकडेला अशी पट्टी बहुतेक असतेच. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खांबाला वर ढकलते. पहिल्या पावसाळ्यानंतर पॅनेलची टेबलं लाटेसारखी वर-खाली झालेली मी पाहिली आहेत. खांब उपटून बघायची चाचणी फक्त सोयीच्या जागी करतात. ती मुरमात आणि काळ्या मातीत, दोन्हीकडे करायला लावा. आपल्या भागासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरून स्ट्रक्चर आखतात, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. वळवाच्या वावटळीत सगळी पॅनेल शिडासारखी वर ओढली जातात. खांबाची पकड त्याच एका मिनिटासाठी असते.

पॅनेल आणि इन्व्हर्टरबद्दल लोक सगळ्यात जास्त विचारतात आणि मी सगळ्यात कमी बोलतो. सरकारी योजनेत मंजूर यादीतलीच पॅनेल लावावी लागतात, तिथेच निम्मी चाळण होते. आपल्याकडे उन्हाळ्यात काच साठ-पासष्ट अंशांवर जाते आणि पंचवीसच्या वर प्रत्येक अंशाला पॅनेलची ताकद थोडी कमी होते, जुन्या पर्क प्रकारात ०.३५ टक्के आणि नव्या टॉपकॉन प्रकारात ०.३० टक्के. म्हणून उष्णतेनं कमी ताकद गमावणारं पॅनेल घ्या. लहान प्रकल्पाला एक मोठा इन्व्हर्टर नको, वीसेक छोटे स्ट्रिंग इन्व्हर्टर बरे (स्ट्रिंग म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या पॅनेलची माळ). एक बिघडला तर बाकीचे चालू राहतात, आणि दुरुस्तीचा माणूस पुण्याहून येईपर्यंत दोन दिवस जातात हे लक्षात ठेवा. पॅनेलच्या केबल जोडणारे कनेक्टर मात्र दोन्ही बाजूंचे एकाच कंपनीचे आणि एकाच जातीचे हवेत. दिसायला सारखे असले तरी दोन कंपन्यांचे जोडले की आत नीट बसत नाहीत, तापतात आणि दोन उन्हाळ्यांत जळतात.

पॅनेल किती कलतं ठेवायचं, हाही नेहमीचा प्रश्न. आपण सतरा अंश अक्षांशावर आहोत. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. मधल्या काळात तो उत्तरेकडे असतो आणि आपली पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून बसलेली. म्हणून फार उभी ठेवून उपयोग नाही. बारा ते पंधरा अंश ठीक. अगदी आडवी केली तर खालच्या कडेला चिखलाची रेघ साचते आणि तेवढी एक रेघ पूर्ण पॅनेलचं उत्पादन ओढून खाली आणते.

आता चालवण्याचं. पाच मेगावॅटवर बारा हजारांच्या वर पॅनेल असतील. एका पॅनेलला धुवायला दोन लिटर धरले तर एका फेरीला पंचवीस हजार लिटर पाणी. कोरड्या आठ महिन्यांत महिन्याला दोन फेऱ्या म्हणजे चार लाख लिटर. ज्या तालुक्यात उन्हाळ्यात गावं प्यायच्या पाण्याच्या टँकरची वाट बघतात, तिथे काचा धुवायला टँकर आणणं मला पटत नाही, आणि गावालाही ते पटत नाही. बोअर मारला तर पाणी जड लागतं. माझ्या मीटरवर टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) हजाराच्या वर गेलेला मी याच पट्ट्यात पाहिलाय. तसं पाणी काचेवर वाळलं की क्षारांचा पांढरा थर बसतो, तो पुढे धूळ धरून ठेवतो. एका साइटवर आम्ही असे दोन वर्षं धूत राहिलो आणि जनरेशन वाढायच्या ऐवजी घटत गेलं.

उत्तर तुमच्या डोक्यावरच पडतंय. बावीस एकरांवर वर्षाला पाचशे मिलिमीटर पाऊस म्हणजे साडेचार कोटी लिटरच्या आसपास पाणी. त्यातलं एक टक्का अडवलं तरी वर्षभराची धुलाई भागते. तीस बाय तीस मीटरचं, तीन मीटर खोल, प्लास्टिक अंथरलेलं शेततळं त्या ओघळीच्या तोंडाशी करा. निम्मं पाणी उन्हानं उडून गेलं तरी पुरून उरतं. आणि पावसाचं पाणी मऊ, डाग पडत नाहीत. जमीन भाड्यानं दिली तरी हे शेततळं मसुद्यात लिहून घ्या. कंपनीचा फायदा आहे, नाही म्हणणार नाहीत. धुलाई पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर. तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं की काच तडकू शकते. आणि पॅनेलवर पाय ठेवून वर चढणाऱ्याला त्याच दिवशी घरी पाठवायचं. वरून काही दिसत नाही, पण आतल्या पेशींना केसासारख्या भेगा पडतात आणि त्या तीन-चार वर्षांनी पैसे मागतात.

जवळपास खडी क्रशर आहे का, हे आधीच बघा. दोन किलोमीटरच्या आत आणि वाऱ्याच्या दिशेला असेल तर धुलाईचा खर्च दुप्पट धरा. कराड-वाळव्याकडे प्रकल्प असता तर उसाचं पाचट जाळल्याची काजळी सांगितली असती. ती चिकट असते, नुसत्या पाण्यानं जात नाही.

एक बारीक गोष्ट सांगतो, जी मला चार वर्षांनी कळली. प्रकल्प किती चांगला चालतोय हे बघायला ऊन मोजणारं यंत्र लावतात, पायरॅनोमीटर. मोजलेल्या उन्हाच्या मानानं वीज किती आली, हे गुणोत्तर म्हणजे पीआर. नीट चाललेल्या प्रकल्पात ते अठ्ठ्याहत्तर ते ब्याऐंशी टक्के असतं. एके वर्षी माझा पीआर मार्चपासून दर आठवड्याला सुधारत होता आणि युनिट मात्र घटत होती. पोरं पॅनेल धूत नव्हती आणि पायरॅनोमीटरची काचही कुणी पुसत नव्हतं. यंत्राला ऊनच कमी दिसत होतं, म्हणून अहवाल उत्तम येत होता. आता साइटवर पोचलो की पहिला रुमाल त्या छोट्या काचेवर फिरतो. कंपनीचा मासिक अहवाल कुणी तुम्हाला दाखवला तर टक्के बघू नका, सबस्टेशनच्या मीटरचं रीडिंग बघा.

गवताकडे दुर्लक्ष करू नका. पावसाळ्यात कुसळी कमरेएवढी वाढते, सावली पाडते आणि दिवाळीनंतर वाळून काडेपेटी होते. तणनाशक मारणारे पुढच्या पावसात माती वाहून जाताना बघतात. मी गावातल्या धनगर मंडळींशी बोलून ऑगस्ट ते नोव्हेंबर मेंढरं आत सोडतो. जतची माडग्याळी मेंढी उंच असते, तरी पॅनेलच्या खालच्या कडेला तीन फूट जागा ठेवली तर आरामात चरते. शेळ्या मात्र आत घेऊ नयेत. त्या टेबलावर उड्या मारतात आणि केबल चघळतात. कुंपणानं ज्यांची चराई बंद झाली त्यांनाच हे काम दिलं की वणवा लागला तर पहिला फोन त्यांचाच येतो. उंदीर, घुशी, घोणस आणि फुरसं यांच्यासाठी केबलच्या नळ्यांची तोंडं बंद ठेवा आणि पॅनेलखाली हात घालण्याआधी काठी.

आणि जिवाची गोष्ट. घरातली किंवा गावातली पोरं तिथे कामाला लागतील, म्हणून हे थोरल्या दादांनी ऐकावं. मेन स्विच पाडला म्हणजे प्रकल्प मेला, असं नसतं. ऊन आहे तोवर पॅनेल जिवंत असतात आणि एका स्ट्रिंगमध्ये चौदाशे-पंधराशे व्होल्टपर्यंत डीसी असतो. चालू प्रवाहात कनेक्टर ओढला की जाळ होतो, आणि डीसीचा जाळ एसीसारखा आपोआप विझत नाही. माझ्यासमोर एका बावीस वर्षांच्या पोराचा तळहात असाच भाजला, तीन महिने तो जेवायचा डाव्या हातानं. त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. तुमच्या मसुद्यात गावातल्या माणसांना काम देण्याचं कलम आहे, चांगलं आहे. त्याच्याखाली 'प्रशिक्षण, हातमोजे आणि अपघात विमा यांसह' एवढे शब्द वाढवून घ्या. आयटीआय झालेला वीजतंत्री घ्या आणि त्याला खरोखर शिकवा. अशा दोन पोरांनी साइट सांभाळलेली मी बघतोय, पुण्याहून माणूस बोलवायची वेळ वर्षातून दोनदा येते.

मसुद्यात मला खटकलेलं असं. भाडं प्रकल्प सुरू झाल्यापासून लिहिलंय. ते नोंदणीच्या तारखेपासून हवं, कारण मंजुरी रखडली तर जमीन दोन वर्षं अडकून पडेल आणि हातात काही नाही. ठरलेल्या मुदतीत काम सुरू झालं नाही तर करार आपोआप संपेल, हे कलम नाही. कंपनी बँकेकडे भाडेपट्ट्याचा हक्क तारण ठेवू शकते, पण तुमची मालकी नाही. मसुद्यातली भाषा दोन्ही अर्थांची आहे, वकिलाकडून सरळ करून घ्या. कंपनीनं करार दुसऱ्याला विकला तर तुम्हाला लेखी कळवावं आणि नव्या मालकानं सगळ्या अटी मानाव्यात. भाडं चौघांच्या खात्यात वेगवेगळं यावं, एकाच्या खात्यात नको. आणि तीस वर्षांनी काय, याबद्दल एकही ओळ नाही. एवढ्या जमिनीत दोन हजारांच्या आसपास काँक्रीटमध्ये रुतलेले खांब असतील. ते उपटून, खड्डे मातीनं बुजवून, पॅनेल नियमाप्रमाणे विल्हेवाटीला नेऊन जमीन परत द्यायची आणि त्यासाठी विसाव्या वर्षापासून काही रक्कम वेगळ्या खात्यात ठेवायची, हे आत्ताच लिहून घ्या. तेव्हा सही करायला तुमची मुलं असतील.

ग्रामपंचायतीला योजनेतून वर्षाला पाच लाख याप्रमाणे तीन वर्षं निधी मिळण्याची तरतूद आहे. सरपंचांना हे आधी सांगा, ना हरकत ठरावाला मदत होते आणि रस्त्याचं, मेंढरांच्या वाटेचं बोलणं सोपं जातं.

कंपनीला उत्तर द्यायला पंधरा दिवस मागा. त्यात एक दिवस धाकट्यांना घेऊन सबस्टेशनला जा. गेल्या वर्षीचं लॉगबुक मागा आणि आधी ऑक्टोबरची पानं उघडा, दुपारी बारा ते तीनच्या रकान्यात ११ केव्हीच्या बसबारचं व्होल्टेज बघा. मग एप्रिल-मे ची पानं, ३३ केव्ही लाईन किती वेळा आणि किती तास गेली. ते आकडे वहीत उतरवून मला कळवा. एक मेगावॅट स्वतःचा टाकायचा की नाही, हे मी त्यावरून सांगेन.